न फुटलेलं गणित

रामप्रसाद सरांनी ओल्या फडक्यानं फरशी पुसली, खडू पुन्हा हातात घेतला आणि डाव्या बाजूला या वेळी वजा पाच लिहिलं. उजवीकडे एक, वजा एकोणीस, तीस असे सहगुणक मांडलेले होते. एक खाली उतरवला. त्याला वजा पाचनं गुणून वजा एकोणीसमध्ये मिळवलं, वजा चोवीस झाले. त्यालाही वजा पाचनं गुणलं, एकशेवीस. ते तिसात मिळवले तर दीडशे. बाकी शून्य यायला हवी होती. दीडशे म्हणजे फारच लांबचं काम झालं.

तिसाचे जेवढे म्हणून विभाजक असतात तेवढे सगळे त्यांनी ठेवून पाहिले होते, अधिकही आणि वजाही. एकही लागला नव्हता. सर फरशीवरून उठले, गुडघा धरून थोडं थांबले आणि मोबाइलवर मुस्तकीमनं पाठवलेला निरोप पुन्हा एकदा लावला.

"एक्सचा घन, वजा एकोणीस एक्स, अधिक तीस. चल, फोड."

मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आवाज स्वच्छ होता, आकडे स्वच्छ होते, आणि आपण तेच लिहिलं आहे याची सरांनी बोट ठेवून खात्री केली. म्हणजे मुस्तकीमचं पुन्हा चुकलं होतं.

सरांच्या घराचा ओटा शहाबादी फरशीचा आहे. बीडजवळ पालीला घर बांधताना वनमालाबाईंना पांढरी चकचकीत फरशी हवी होती, पण सरांनी हट्टानं काळी आणली, कारण काळ्या फरशीवर खडूनं लिहिता येतं. बाई त्यावरून पुष्कळ दिवस रुसल्या होत्या. आता बाई नाहीत, रुसायला कोणी नाही, आणि फरशी तेवढी रोज सकाळी लिहिली जाते आणि पुसली जाते.

रामप्रसाद आणि मुस्तकीम या दोघांनी बीडच्या एकाच शाळेत जन्मभर गणित शिकवलं. मधल्या सुट्टीत चहा आला की एकानं दुसऱ्याला एक त्रिघाती बहुपदी सांगायची आणि दुसऱ्यानं कप रिकामा व्हायच्या आत तिचे अवयव पाडून मुळं सांगायची, अशी त्यांची रीत होती. बाकीचे मास्तर तेव्हा वेतन आयोगावर बोलत असत. 'अवयव पाडले' एवढं लांबलचक हे दोघं कधी म्हणत नसत, 'फुटलं' म्हणत. एकदा मुस्तकीमनं मुद्दाम असं गणित घातलं की त्याला एकच वास्तव मूळ होतं आणि उरलेलं वर्गसमीकरण काही केल्या हलत नव्हतं. रामप्रसाद सरांनी चहा गार होऊ दिला आणि शेवटी सांगितलं, "एक सापडलं. बाकीची दोन तुझ्या डोक्यात असतील, मला वास्तवात काही दिसत नाहीत." त्यावर सगळी खोली हसली आणि दोघं मात्र दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत.

या खेळातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. गणित घालणारा मास्तर आधी उत्तर ठरवतो. एक, चार, वजा दोन अशी तीन मुळं मनात धरायची, तीन कंस मांडायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि तो गुणाकार तेवढा समोरच्यापुढं टाकायचा. म्हणून मास्तरानं घातलेलं गणित फुटणारच. ते फुटत नसेल तर घालणाऱ्याचा गुणाकार चुकला असं समजावं, आणि मास्तराचा गुणाकार चुकायला लागला तर काय समजावं हे सरांना मनातसुद्धा म्हणवत नव्हतं.

मुस्तकीमची बायको अजमतबी वारली, तेव्हा त्याचा मुलगा अबरार त्याला अंबाजोगाईला घेऊन गेला. अबरारचं तिथं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. बीडच्या स्टँडवर निरोप घेताना मुस्तकीम म्हणाला, "चहा तुझा तू पी. गणित मी पाठवतो." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खरं असावं. तेव्हापासून एक दिवस मुस्तकीमचं गणित पालीला येई, दुसऱ्या दिवशी सरांचं अंबाजोगाईला जाई.

दिवसभरात सरांकडे दुसरं काही येत नसे. त्यांचा मुलगा सत्यम हैदराबादला असतो. तो रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो, आणि जेवलो म्हटलं की बोलणं संपतं. शेजारच्या छबुबाई भाकरी-भाजी आणून देतात आणि पुष्कळ बोलतात, पण त्यांचं बोलणं रेडिओसारखं असतं, त्यात आपण काही म्हणायची सोय नसते. आपण काही म्हणावं म्हणून कोणीतरी वाट बघत बसलंय, असं सरांच्या दिवसात एकाच वेळी घडायचं, आणि ते मुस्तकीमचं गणित सोडवताना. ते गणित बंद पडलं तर आपण एकटे पडू, अगदी साफ एकटे पडू, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांना भीती वाटत होती.

उन्हाळा लागता लागता पहिल्यांदा एक गणित फुटलं नव्हतं. एक्सचा घन, वजा सात एक्स, वजा सहा. सरांनी मोठ्या आनंदात फोन लावला होता, कारण मुस्तकीमला चुकीत पकडायची संधी उभ्या जन्मात फार थोड्या वेळा मिळाली होती.

"चुकलंय बे तुझं. न्हाई फुटत."



"कसं मांडलंस?" मुस्तकीमनं विचारलं.

"कसं म्हंजे? मांडतेत तसं. सहाचे सगळे विभाजक ठिवून बघितले."

काही वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग मुस्तकीम हसला.

"असंल. चुकलं असंल, यार. वय झालं."

सरांचा आनंद तिथंच मावळला. मुस्तकीम असा चूक कबूल करणाऱ्यातला नव्हता. उत्तरपत्रिकेतल्या अर्ध्या गुणावरून तो हेडमास्तरांशी महिनाभर भांडला होता आणि शेवटी हेडमास्तरच कंटाळले होते. त्यानं आता वाद घातला असता, शिव्या दिल्या असत्या, तर सर निश्चिंत झोपले असते. 'असंल' हा शब्द त्यांना रात्रभर टोचत राहिला.

त्यानंतर जे गणित फुटत नसे त्याला सर फुटलं म्हणू लागले. तशी पुष्कळ गणितं पहिल्यासारखी फटकन फुटत, आणि मध्येच एखादं अडे. सर मुळं न सांगता नुसतं 'फुटलं, झकास होतं' एवढं कळवत. मुस्तकीमही मुळं विचारत नसे. पूर्वी एका चिन्हाची चूक झाली तरी टेबल बडवणारा माणूस, तो आता मुळं विचारायचंही विसरू लागला होता.

आजही सरांनी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि आवाज शक्य तेवढा हसरा केला.

"फुटलं रे. झकास होतं."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "शाब्बास."

सरांनी फरशी पुसून टाकली. मित्राचं डोकं विझत चाललंय आणि ते फक्त आपल्याला दिसतंय, हे ओझं एकट्यानं किती दिवस वागवायचं? त्यांनी ठरवलं, अंबाजोगाईला जायचं आणि समिनाला, अबरारच्या बायकोला, सांगून टाकायचं.

दोन दिवसांनी सकाळी ते कुलूप लावत होते तेव्हा छबुबाई कुंपणापाशी आल्या.

"कुठं निघालाव सर?"

"अंबाजोगाईला. मुस्तकीमकडं."

"ते काल बी सांगितलंत की. दोनदा."

सांगितलं असेल. छबुबाईंना एकदा सांगून भागत नाही हे अख्ख्या पालीला माहीत आहे. सरांनी पिशवी उचलली आणि ते थांब्याकडे चालू लागले.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. मांजरसुंबा गेलं, नेकनूर गेलं, आणि सर मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. चहाडी केल्यासारखं वाटू नये, पण समिनाला कळावं तर नीट कळावं. शिवाय दुसरी एक भीती होती, आणि ती त्यांना स्वतःच्याच मनातून बाहेर काढायची लाज वाटत होती. एकदा आजार म्हटला की डॉक्टर सांगणार, डोक्याला ताण नको. मग घरची माणसं मोबाइल काढून ठेवणार. मुस्तकीमच्या डोक्याला आराम पडेल, पण पालीच्या ओट्यावर सकाळी काय लिहायचं? मित्राच्या आजारपणात आपण आपल्या सकाळचा विचार करतोय म्हणून सरांना स्वतःचा राग आला, आणि केज येईपर्यंत तो काही गेला नाही.

समिना ओसरीत मेथी निवडत बसली होती. सरांना पाहून ती दचकलीच. मग लगबगीनं उठली, तांब्या भरून आणला, खुर्ची पुसली.

"या सर, बसा. अब्बा नमाजला गेलेत. येतीलच एवढ्यात."

"बरं झालं. तुला एक सांगायचंय. तो यायच्या आत."

समिना पुन्हा मेथीजवळ बसली. सर अर्धा तांब्या पाणी प्यायले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पसार झाली होती.

"मुस्तकीमचं ध्यान ठिकाणावर न्हाई आजकाल," ते म्हणाले. "गणितं चुकायलेत. नुसती चुकत न्हाईत, त्याला कळत बी न्हाई चुकलेलं. मी आपलं फुटलं म्हणतो, अन् तो शाब्बास म्हणतो. पहिलेचा मुस्तकीम असता तर मुळं सांग म्हणून माझ्या मानगुटीवर बसला असता."

समिनाचा हात काडीवरच थांबला. तिनं सरांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून खाली पाहिलं.

"तुमच्या ध्यानात येणार न्हाई ते," सर म्हणाले. "घरात तो जेवतो, झोपतो, नमाज चुकवत न्हाई. तुमाला सगळं ठीकच वाटणार. माणूस बारीक शिवणीत आधी उसवतो, समिना. ती शिवण ज्याला ठाऊक असती, त्यालाच दिसतं."

"हो सर," ती अगदी हळू म्हणाली. "अब्बा बी असंच म्हणत होते."

"काय म्हणत होता?"

"हेच. बारीक ठिकाणी कळतं म्हणून."

सर खुर्चीत पुढं सरकले. "त्याला डॉक्टरला दाखवा. उशीर नका करू."

"उद्या जायचंच हाय सर. मेंदूच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय."

"अबरारनं लावला?"

"न्हाई. अब्बांनीच लावलाय."

म्हणजे त्याला कळलं होतं. सर खुर्चीत मागं टेकले. एकट्यानंच ओळखलं, एकट्यानंच जाऊन नंबर लावला, आणि आपल्याला रोज हसऱ्या आवाजात चल, फोड म्हणत राहिला. सरांना वाटलं, आपण जवळ असतो तर त्याला हे असं एकट्यानं करावं लागलं नसतं.

"एक कर माय," ते म्हणाले. "डॉक्टर काही बी म्हणू दे, त्याचा मोबाइल काढून घेऊ नका. घालू दे त्याला चुकीची गणितं. मी म्हणत जाईन फुटलं म्हणून. तेवढं एकच हाय आमच्यात. तुला खरं सांगतो, माझ्याकडं बी दुसरं काही न्हाई."

"न्हाई घेणार, सर. कुणीच न्हाई घेणार," समिना म्हणाली. मेथी तशीच टाकून ती चहा ठेवायला आत गेली.

मुस्तकीम आला तेव्हा सर दारातच उभे होते. तो थोडा वाळला होता, दाढी पूर्ण पांढरी झाली होती. चप्पल काढता काढता त्यानं मान वर केली आणि क्षणभर तसाच वाकून राहिला.

"तू कसा काय आलास बे?"

"एसटीनं. अर्ध्या तिकिटात."

"न सांगता?"

"सांगितलं असतं तर समिनाला दिवसभर चुलीपुढं बसवलं असतंस."

मुस्तकीमनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि लवकर सोडले नाहीत. मग दोघं आतल्या खोलीत पलंगावर बसले. सरांनी गप्पा मुद्दाम जुन्या दिवसांकडे वळवल्या. डॉक्टरच्या आधी आपण पाहून घ्यावं, असा त्यांचा विचार होता. पण मुस्तकीमला सगळं आठवत होतं. पुरात शाळेचं मैदान बुडालं ते साल, हेडमास्तरांची स्कूटर, सहलीला हरवलेली मुलगी आणि ती सापडली ते रसवंतीचं दुकान.

"अन् चहा आणायचा तो सटवा शिपाई," सर म्हणाले, "कपातून सांडून सांडून अर्धाच आणायचा."

"मुंजाजी," मुस्तकीम म्हणाला.

"सटवा."

"सटवा त्याच्या आधीचा. तो आपण लागलो त्याच वर्षी रिटायर झाला. चहा मुंजाजी आणायचा." मुस्तकीमनं एकदा सरांकडे पाहिलं. "असू दे. दोघं बी सांडायचेच."

सरांनीही ते सोडून दिलं. आजारी माणसाशी वाद कसला घालायचा? त्यांना सटवाचा चेहरा, त्याच्या हातातली किटली, सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं.

समिना चहाचे दोन कप ठेवून गेली. मुस्तकीमनं टीपॉयवरचा पेपर सरांकडे सरकवला आणि खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं.

"चहा आला. चल, गणित."

"सांग."

"एक्सचा घन," मुस्तकीम म्हणाला आणि थांबला. त्यानं आपली टोपी काढली, मांडीवर ठेवली. "अधिक शून्य एक्सवर्ग. वजा एकोणीस एक्स. अधिक तीस."

"शून्य कावून सांगायलास बे? नववीतलं पोरगं हाय का मी?"

"लिही तर."

सरांना खरोखरच राग आला होता. वर्गाचं पद नसेल तर ते कोणी उच्चारत नाही. ते नाहीच, तर बोलायचं कशाला? भागाकार मांडताना मात्र त्याच्या जागी शून्य लिहावं लागतं. ते लिहिलं नाही तर पुढचे सगळे आकडे एकेक घर अलीकडे सरकतात, आणि मग कुठलीही किंमत ठेवा, बाकी शून्य येत नाही. नववीच्या वर्गात हे शून्य दर वर्षी निम्मी पोरं विसरायची. सर टेबलावर डस्टर आपटून सांगायचे, पद नसलं तरी त्याची जागा असते, ती धरा. पोरं हो म्हणायची आणि परीक्षेत पुन्हा विसरायची. पालथ्या घड्यावर पाणी. पण मास्तरानं मास्तराला हे शून्य तोंडानं सांगणं म्हणजे सुताराला हातोडी कशी धरायची ते दाखवण्यासारखं झालं.

त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेला एक लिहिला, शेजारी शून्य, मग वजा एकोणीस, मग तीस. डावीकडे दोन ठेवले. एक खाली आला. शून्यात दोन मिळून दोन. वजा एकोणीसमध्ये चार मिळून वजा पंधरा. त्याची दुप्पट वजा तीस, आणि तिसातून तीस गेले. बाकी शून्य. उरलं ते एक, दोन, वजा पंधरा, आणि ते तर नुसत्या नजरेनंच फुटत होतं.

"दोन, तीन, वजा पाच," सर म्हणाले. कप अजून अर्धा भरलेला होता.

आणि मग ते पेपरकडे बघत राहिले.

एकोणीस आणि तीस. हेच आकडे परवा ओट्यावर होते, आणि दोनही त्यांनी ठेवून पाहिले होते. मग तेव्हा काय झालं? सरांनी डोळे मिटून काळी फरशी आठवली. एक, वजा एकोणीस, तीस. तीनच आकडे होते. इथं चार होते.

त्यांनी पेन पुन्हा उचललं. एक, शून्य, वजा सात, वजा सहा. उन्हाळ्यातलं गणित. डावीकडे वजा एक ठेवले. एक, वजा एक, वजा सहा, शून्य. पहिल्याच किमतीला फुटलं. शाळकरी पोरानं फोडावं इतक्या सहज फुटलं.

मुस्तकीम मांडीवर टोपीची घडी घालत होता. घडी घालून झाली की तो ती उलगडत होता आणि पुन्हा घालत होता. सरांकडे तो पाहत नव्हता. कसं मांडलंस, असं त्यानं तेव्हा विचारलं होतं. उत्तर ऐकून तो गप्प झाला होता, आणि मग जन्मात हेडमास्तरांपुढं न वाकलेला हा माणूस हसून म्हणाला होता, चुकलं असंल. चूक त्याची नव्हतीच. ती त्यानं आपल्या अंगावर घेतली होती, आणि पुढं प्रत्येक वेळी, 'फुटलं' हे खोटं आहे हे कळत असताना, शाब्बास म्हटलं होतं.

सरांना भीती वाटली. बसमध्ये वाटलेली भीती ती ही नव्हे. एकट्या माणसाच्या घरात त्याच्या डोक्यातून काय काय गळून पडलं, ते मोजणार कोण? छबुबाईंना वाटलं असेल, म्हातारा तेच तेच सांगतो. सत्यम जेवलात का विचारतो, आणि जेवलो हे उत्तर तर तोंडपाठच असतं. दुधाचं भांडं गेल्या महिन्यात जळालं ते, आणि सटवाची ती किटली. आपल्याला जे स्वच्छ दिसतं त्यातलं खरं किती, हे आता कोणाला विचारायचं?

"बरोबर हाय?" सरांनी विचारलं.

"बरोबर हाय," मुस्तकीम म्हणाला. "पहिल्या झटक्यात फोडलंस."

सरांनी पेपरची घडी घातली आणि राहिलेला चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. मुस्तकीमचा कपही उचलला. "तू बस," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरापर्यंत गेले.

समिना नळाखाली मेथी धूत होती. त्यांनी कप ओट्यावर ठेवले आणि तिथंच उभे राहिले. मघाशी आपण या पोरीला काय काय शहाणपण सांगितलं ते त्यांना शब्दाशब्दानं आठवत होतं. बारीक शिवण, उसवणं, सगळं. तिनं ते निमूट ऐकून घेतलं होतं.

"समिना."

"काय सर?"

"उद्या त्या डॉक्टरकडं... अजून एकाचा नंबर लागंल का?"

समिनानं नळ बंद केला. पदराला हात पुसत ती वळली, आणि आता तिनं मान खाली घातली नाही.

"अजून एकाचा लावायची गरज न्हाई सर. एकच लावलाय. तो तुमच्याच नावानं हाय."

सरांनी ओट्याच्या कडेला हात टेकला.

"आज सांजच्याला अबरार तुमाला आणायला पालीला येणार होते," समिना म्हणाली. "काय सांगून आणावं, ते अब्बांना उमजंना. दोन दिवस झाले, घास जात न्हाई त्यांना. मला म्हणाले, त्याला न दुखवता कसं सांगू? अन् तुमी आपणहूनच आलात."

तिनं पुढं केलेला पाण्याचा पेला सरांनी घेतला, न पिताच परत ठेवला आणि ते आतल्या खोलीत आले.

मुस्तकीम होता तिथंच बसला होता. पेपर त्यानं उघडला होता आणि कडेला लिहिलेलं दुसरं गणित, ते सातचं आणि सहाचं, त्याच्या बोटाखाली होतं. सर त्याच्या शेजारी टेकले. बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत दोघांनी ऐकला.

"उद्या किती वाजता जायचंय?" सरांनी विचारलं.

"धाला."

"तू येशील ना सोबत?"

"मंग?" मुस्तकीम म्हणाला. "तुला एकट्याला रस्ता तरी सापडंल का बे?"

हे तो जन्मभर म्हणत आला होता तसंच, चेष्टेत म्हणाला. पण म्हणून झाल्यावर त्याला हसू आलं नाही.